केशरोपण आणि त्वचेची जपणूक

(रुग्णालयाच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



केशरोपण हा विषय धर्मादाय रुग्णालयाच्या व्यासपीठावर काहीसा परका वाटेल, याची मला जाणीव आहे. जेथे अडलेली बाळंतपणे, सर्पदंश आणि ऊसतोडणीतील जखमा यांची चिंता वाहिली जाते, तेथे डोक्यावरच्या केसांविषयी बोलणे ही चैनीची भाषा ठरावी, हे स्वाभाविकच आहे. तरीही मी हा विषय जाणीवपूर्वक निवडला. आपल्या भागात गुऱ्हाळावरच्या उकळत्या काकवीने भाजलेली मुले आहेत. मळणी यंत्राच्या किंवा कडबा कुट्टीच्या फिरत्या दांड्यात वेणी अडकून डोक्याची कातडी सोलली गेलेल्या भगिनी आहेत. जखम भरते, जीव वाचतो, पण भुवईच्या जागी गुळगुळीत व्रण उरतो आणि पदर कपाळाखाली ओढून घेण्याची सवय जन्मभराची होते. दुसरीकडे लग्नाची बोलणी सुरू होण्याआधी टक्कल झाकावे म्हणून एखादी पाटी वाचून पुण्या-मुंबईस जाणारी तरुण मुले आहेत. त्यांतली काही डोक्याच्या मागच्या भागाची त्वचा कायमची विद्रूप करून परत येतात. या दोन्ही रुग्णांना जोडणारा प्रश्न एकच आहे. शरीराच्या एका जागेहून घेऊन दुसऱ्या जागेला देताना, ज्या त्वचेतून आपण घेतो आणि ज्या त्वचेत लावतो, त्या दोन्हींची हानी कमीत कमी कशी होईल?

हा प्रश्न आपल्या मुलुखाला नवा नाही. ज्या १७९४ साली बारामतीचे कविवर्य मोरोपंत निवर्तले, त्याच वर्षीच्या ऑक्टोबर महिन्यात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकात पुण्याच्या एका शस्त्रक्रियेची हकिकत छापून आली. इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी १७९२ च्या युद्धात टिपूच्या हाती सापडला होता. टिपूने त्याचे नाक आणि एक हात कापला. सुमारे वर्षभर तो बिननाकाचा वावरला आणि मग पुण्याजवळच्या विटा घडविणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याला नवे नाक बसवून दिले. कारागिराने आधी मेणाचे नाक करून जागेवर बसवून पाहिले, मग ते मेण सपाट करून कपाळावर ठेवले, त्याच्या कडेने रेघ ओढली आणि तेवढीच त्वचा उचलली. खाली दोन डोळ्यांच्या मध्ये एक अरुंद देठ मात्र त्याने शाबूत ठेवला, म्हणजे रक्तपुरवठा तुटला नाही. क्रूसो आणि फिंडले या इंग्रज डॉक्टरांनी ही क्रिया पाहिल्याचे नमूद आहे. पुढे लंडनच्या कार्प्यू यांनी १८१४ साली याच रीतीने नाक घडविले आणि युरोपात ती ‘भारतीय पद्धत’ म्हणून रूढ झाली. कावसजीची गोष्ट सांगताना लोक नव्या नाकाचे कौतुक करतात. मला त्या मेणाच्या मापाचे अधिक कौतुक वाटते. कपाळावरून लागेल तेवढेच घ्यायचे, अधिक घ्यायचे नाही, हा संयम त्या अनाम कारागिराकडे होता.

केशरोपणाचा जन्मही चैनीतून झालेला नाही. १९३९ साली जपानमधील ओकुदा या डॉक्टरांनी व्रणांमुळे केस गेलेल्या जागांवर आणि भुवयांवर त्वचेचे लहान गोल तुकडे केसांसह रोवल्याचे प्रसिद्ध केले. लवकरच महायुद्ध पेटले आणि ते काम जपानबाहेर फारसे पोहोचले नाही. न्यूयॉर्कच्या ऑरेंट्राइश यांनी १९५२ साली अशीच शस्त्रक्रिया केली आणि १९५९ साली तिचा निष्कर्ष मांडला. तो असा : मागच्या बाजूचा केस पुढे लावला तरी तो आपला मूळ गुणधर्म सोडत नाही. पुढचे केस गळण्याच्या वयातही तो टिकतो. या एका शोधावर आजची सारी केशरोपण विद्या उभी आहे. परंतु त्या काळी चार मिलिमीटर व्यासाचे तुकडे काढीत. पुढे लावल्यावर ते बाहुलीच्या डोक्यावरच्या झुपक्यांसारखे दिसत आणि मागे तेवढ्याच मापाचे पांढरे गोल व्रण राहत.

त्वचेची रचना थोडक्यात सांगतो. केस एकेकटा उगवत नाही. एक ते चार केसांचा लहानसा पुंज एका म्यानातून बाहेर येतो. त्याचे मूळ त्वचेच्या पृष्ठभागाखाली साधारण चार ते सहा मिलिमीटर, चरबीच्या थरात असते. त्याच्या थोडे खालीच रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू यांचे जाळे पसरलेले असते. शिवाय केस त्वचेतून सरळ उभा निघत नाही, तिरपा निघतो. आणि त्वचेच्या आत त्याचा कल बाहेर दिसतो त्याहून किंचित वेगळा असतो. हत्यार या कलाशी जुळले नाही तर मूळ मध्येच कापले जाते. मग तो पुंज पुढेही उगवत नाही आणि मागेही राहत नाही, आणि त्वचेला मात्र जखम होते.

पुंज काढण्याच्या आज दोन रीती आहेत. पहिलीत डोक्याच्या मागून एक ते दीड सेंटिमीटर रुंदीची पट्टी काढून जखम शिवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्या पट्टीतून पुंज वेगळे करतात. हिचा व्रण एका रेषेचा असतो. तो बारीक राहावा असे वाटत असेल तर पट्टी रुंद घेण्याचा मोह टाळावा लागतो, पाते केसांच्या कलाला समांतर धरावे लागते आणि शिवताना ताण येऊ द्यायचा नसतो. कित्येक शल्यचिकित्सक जखमेच्या एका कडेची वरची साल सुमारे एक मिलिमीटर छाटून मग टाके घालतात, म्हणजे व्रणातूनच केस वर येतात आणि रेषा झाकली जाते. दुसरी रीत २००२ साली रॅसमन, बर्नस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लेखानंतर जगभर पसरली. तीत पट्टी न काढता एकेक पुंज बारीक गोल पात्याने सुटा करून उचलतात. टाके नाहीत, रेषा नाही, म्हणून जाहिरातींतून तिला ‘बिनव्रणाची’ म्हटले जाते. हे म्हणणे खरे नाही. प्रत्येक छिद्राचा एक पांढुरका ठिपका राहतोच. ठिपके लहान आणि विखुरलेले असले म्हणजे नजरेत येत नाहीत, एवढेच.

येथे थोडा हिशेब मांडतो. देणगीदार मंडळींना हिशेबाचा कंटाळा नसतो, असा माझा अनुभव आहे. एक मिलिमीटर व्यासाच्या पात्याने दोन हजार पुंज काढले तर त्वचेवरच्या छिद्रांचे एकूण क्षेत्र सुमारे १५.७ चौरस सेंटिमीटर होते. पाते ०.८ मिलिमीटरचे असेल तर तेच क्षेत्र सुमारे १० चौरस सेंटिमीटरवर येते. व्यासात केवळ एक पंचमांश घट, पण जखमेत जवळजवळ एक तृतीयांशाहून अधिक घट. जुन्या काळच्या चार मिलिमीटरच्या एकाच छिद्राचे क्षेत्र साडेबारा चौरस मिलिमीटर होते, म्हणजे ०.८ च्या पंचवीस छिद्रांएवढे. मग सर्वांनी सर्वात बारीक पाते का वापरू नये? कारण पाते जितके बारीक तितकी चुकीला जागा कमी. केस जाड आणि पुंज तीन-चार केसांचे असतील तर अरुंद पाते मुळेच कापून टाकते. वांग्याचे किंवा मिरचीचे रोप वाफ्यातून उचलताना खुरपे मुळाला फार चिकटून चालविले तर माती कमी सांडते, पण रोप मरते. तेव्हा आधी पाच-पंचवीस पुंज काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचे, किती मुळे तुटली ते मोजायचे आणि मग पात्याचे माप व खोली ठरवायची, हा मार्ग मला योग्य वाटतो. याला अर्धा तास अधिक लागतो. घाईच्या केंद्रांत नेमका हाच अर्धा तास वाचविला जातो.

पात्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे संख्येचा. मागच्या सुरक्षित भागात एका चौरस सेंटिमीटरला साधारण पासष्ट ते पंच्याऐंशी पुंज असतात. त्यांतले निम्म्याहून अधिक गेले की विरळपणा उघड दिसतो आणि ती जागा पुन्हा भरत नाही. बहुतेक माणसांच्या बाबतीत साऱ्या आयुष्यात मिळून पाच ते सात हजार पुंजांपलीकडे ही शिल्लक जात नाही. पंचविसाव्या वर्षी एकाच बैठकीत चार-पाच हजार पुंज खर्च करून बसलेल्या मुलाला पस्तिसाव्या वर्षी, टक्कल मागे सरकत गेल्यावर, देण्यासाठी काही उरत नाही. आपल्या भागातला शेतकरी विहिरीचे पाणी पाहून लागण करतो. तो विहीर आटेपर्यंत मोटार चालवीत नाही. येथे मात्र तोच शेतकरी मुलाला ‘अमर्याद पुंज, एकच दर’ अशा जाहिरातीच्या स्वाधीन करतो, हे पाहून खेद होतो.

भूल देण्याची रीतही त्वचा वाचविते. त्वचेखाली सलाइन आणि अत्यल्प ॲड्रेनॅलिन सोडले की तो भाग फुगून घट्ट होतो, रक्तवाहिन्या व मज्जातंतू खाली ढकलले जातात आणि रक्तस्राव कमी होतो. पण हेच औषध अधिक झाले तर रक्तवाहिन्या इतक्या आकसतात की त्वचा काळी पडून मरते. घेणाऱ्या जागेचा मधला भाग या बाबतीत विशेष नाजूक असतो. ॲड्रेनॅलिनसह दिलेल्या लिग्नोकेनची मर्यादा दर किलो वजनास सात मिलिग्रॅम मानतात. साठ किलोच्या माणसाला ४२० मिलिग्रॅम, म्हणजे दोन टक्क्यांच्या औषधाचे २१ मिलिलिटर. हा हिशेब फळ्यावर लिहून ठेवावा इतका साधा आहे.

घेणाऱ्या जागेतील चिरा सुमारे पाऊण ते एक मिलिमीटर रुंदीच्या आणि पुंजाच्या लांबीएवढ्याच खोल हव्यात. खोल गेल्या तर खालच्या रक्तवाहिन्या तुटतात, उथळ राहिल्या तर पुंज बाहेर डोकावतो. दाटीचा हव्यास येथेही घात करतो. निरोगी त्वचेत एका बैठकीत चौरस सेंटिमीटरला पंचवीस ते पस्तीस पुंज पुरेत. भाजलेल्या व्रणात रक्तपुरवठा कमी असल्याने मी वीसच्या आसपास थांबावे असे म्हणतो, आणि तेही आधी पन्नास-शंभर पुंज लावून, काही महिने थांबून, किती जगले ते पाहिल्यावरच.

शरीराबाहेर काढलेल्या पुंजाला उन्हात काढून ठेवलेल्या रोपासारखे जपावे लागते. अमेरिकेतील लिमर यांनी थंड सलाइनमध्ये ठेवलेले पुंज वेगवेगळ्या वेळांनी रोवून पाहिले. दोन तासांनी ९५ टक्के जगले, चार तासांनी ९०, सहा तासांनी ८६ आणि चोवीस तासांनी ७९. मात्र ही ओल्या आणि थंड पुंजांची कथा आहे. कोरड्या कापडावर काही मिनिटे राहिला तरी पुंज कामातून जातो. इंदापुरातल्या मे महिन्याच्या उष्ण्यात, पंख्याखाली ठेवलेल्या उघड्या बशीत काय होत असेल, त्याची कल्पना आपण करू शकता. आणि पुंज न जगणे म्हणजे केवळ पैसा वाया जाणे नव्हे; त्यासाठी मागच्या त्वचेला झालेली जखम फुकट जाते.

मोठ्या व्रणांना केवळ पुंजरोपण पुरत नाही. तेथे शेजारच्या केसाळ त्वचेखाली सिलिकॉनची पिशवी बसवून, दर आठवड्याला थोडे थोडे सलाइन भरून ती त्वचा ताणली जाते आणि काही आठवड्यांनी व्रण काढून त्या जागी ती ओढून घेतली जाते. केस वाढत नाहीत, विरळ पसरतात. पण डोक्याची कातडी दाट असल्याने ते खपून जाते. जेथे भाजलेल्या भागावर मांडीची त्वचा लावावी लागते, तेथे मांडीवरची देणारी जागा हा रुग्णाचा मोठा जाच असतो. रुग्ण सांगतात की भाजल्याजागी दुखत नाही तेवढे मांडीला दुखते. यावर एक उपाय आपल्याच राज्यात शोधला गेला. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केळीच्या पानाची निर्जंतुक पट्टी तयार केली आणि देणाऱ्या जागेवर ती व्हॅसलीनच्या जाळीशी तुलना करून पाहिली. हे काम २००३ साली प्रसिद्ध झाले. केळीचे पान गुळगुळीत असल्याने जखमेला चिकटत नाही आणि पट्टी बदलताना नवी आलेली कोवळी साल ओरबाडली जात नाही. वेदना कमी, खर्चही कमी. उजनीच्या फुगवट्यालगत केळीच्या बागा पसरलेल्या आपल्या इंदापूर तालुक्याला या संशोधनाचे अप्रूप वाटायला हवे. अर्थात बागेतले पान तोडून घरी जखमेवर बांधण्याची ही शिफारस नव्हे. निर्जंतुक केलेल्या पानाचीच ही गोष्ट आहे.

एक सावधगिरीची सूचना नातेवाइकांसाठी. यंत्रात केस अडकून कातडी सुटली तर सुटलेला भाग फेकू नये, धुळीत ठेवू नये. तो स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावा आणि ती पिशवी बर्फाच्या भांड्यात ठेवावी. बर्फ कातडीला थेट लागू देऊ नये. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे आणि रुग्ण व तो भाग एकाच वाहनातून, वेळ न दवडता, मोठ्या केंद्राकडे न्यावा. १९७६ पासून अशी कातडी सूक्ष्मशस्त्रक्रियेने पुन्हा जोडल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात आहेत. हे साधले तर पुढे केशरोपणाची वेळच येत नाही. यंत्राजवळ काम करताना आंबाडा बांधून वर रुमाल घ्यावा आणि फिरत्या दांड्यावर पत्र्याचे आवरण बसवावे, हा सल्ला कृषी प्रदर्शनातून कितीदा दिला जातो आणि कितीदा विसरला जातो!

सर्वच टकलांना शस्त्रक्रिया लागत नाही, हेही सांगितले पाहिजे. जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव परिसरात अनेक गावांतील लोकांचे केस काही दिवसांतच गळून पडले. डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या तपासणीत रुग्णांच्या शरीरात सेलेनियमचे प्रमाण अधिक आढळले आणि काही आठवड्यांत अनेकांचे केस पुन्हा येऊ लागले. अशा वेळी पाते हाती घेणे हा अपराधच ठरला असता. चाई पडणे, रक्तक्षय, थायरॉइडचा विकार, बाळंतपणानंतरची केसगळती, यांचे उपचार वेगळे आहेत आणि बहुतांशी स्वस्त आहेत.

शस्त्रक्रिया कोणी करावी, याविषयी राष्ट्रीय वैद्यक आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट सूचना दिल्या. चित्रफिती पाहून किंवा दोन दिवसांच्या शिबिरात ही विद्या येत नाही. रीतसर शल्यशिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरनेच ती करावी. साहाय्यक असले तरी जबाबदारी डॉक्टरची. आणि तातडीच्या उपचारांची सोय जवळ असावी. या सूचनांमागे दुःखद प्रसंग आहेत. मार्च २०१९ मध्ये मुंबईत एका व्यावसायिकाचा दीर्घ केशरोपणानंतर मृत्यू झाला, तेव्हा महाराष्ट्रातील वृत्तपत्रांत याची बरीच चर्चा झाली होती. आपल्या घरातला मुलगा अशा केंद्रात जाणार असेल तर वडीलधाऱ्यांनी एवढेच विचारावे : पाते कोण चालविणार, किती पुंज काढणार, आणि मागे किती शिल्लक राहणार? उत्तर देताना समोरचा माणूस किमतीकडे वळला तर उठून यावे.

रुग्णाच्या हातीही बरेच असते. तंबाखू आणि मिश्री त्वचेचा रक्तपुरवठा आटवितात. शस्त्रक्रियेच्या आधी व नंतर काही आठवडे त्या पूर्ण बंद हव्यात. मधुमेह ताब्यात हवा. खपल्या सात ते दहा दिवसांत आपोआप सुटतात, त्या नखाने काढू नयेत. पुढचे काही महिने उन्हात टोपी किंवा सैल फेटा असावा, नाहीतर आपल्या सावळ्या त्वचेवर काळे डाग उमटतात. लावलेले केस दोन ते सहा आठवड्यांत गळतात, तेव्हा घरात रडारड होते. मुळे आतच असतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून नवे केस येतात आणि खरे रूप दिसायला नऊ महिने ते वर्ष लागते. आडसाली उसाची वाट पाहणाऱ्या आपल्या माणसांना हा काळ फार वाटू नये.

राहता राहिला खर्चाचा प्रश्न. निरोगी टकलावरचे केशरोपण धर्मादाय निधीतून व्हावे, असे माझे मत नाही. ज्याला हवे त्याने आपल्या पैशाने करावे. पण भाजलेल्या मुलीची भुवई, यंत्राने सोललेल्या बाईच्या डोक्यावरचा व्रण, यांची गणना सौंदर्योपचारात करणे हा अन्याय आहे. या कामाला फार मोठी यंत्रसामग्री लागत नाही. चांगला द्विनेत्री सूक्ष्मदर्शक, डोळ्यांवर लावण्याची भिंगे, बारीक पाती, थंड सलाइनची सोय आणि त्यासाठी शिकविलेल्या दोन परिचारिका, एवढ्यावर लहान रुग्णालयातही ते निगुतीने होऊ शकते.

शेजारच्या दालनात असा एक सूक्ष्मदर्शक मांडला असून त्याखाली केसांच्या पुंजाचा नमुना ठेवला आहे. एक पुंज नीट काढलेला आहे, दुसऱ्याचे मूळ मध्येच तुटलेले आहे. चहापानाच्या वेळी ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी अवश्य यावे. लहान मुलांसाठी पायाशी एक पाट ठेवला आहे.